पायाखालची ऊब: कमी ऊर्जेच्या घरासाठी फ्लोअर हीटिंग निवडताना

शोरूममध्ये गेलात की तिथला माणूस आधी बूट काढायला सांगतो. तुम्ही मोज्यांनिशी टाइलवर उभे राहता, खालून ऊब चढू लागते, आणि डोक्याच्या आधी तळवे निर्णय घेऊन मोकळे होतात. मग कोटेशन येतं, घासाघीस होते, आणि सगळा विचार 'कुठल्या कंपनीचं बसवायचं' एवढ्यावर येऊन थांबतो.

पण दाखवायला ठेवलेली फरशी चांगली तापवलेली असते. तुम्ही बांधताय ते घर खरोखर कमी ऊर्जेत चालणारं असेल, तर त्यातली फरशी थंडीच्या बहुतेक दिवसांत २२-२३ अंशांच्या वर जाणारच नाही. तळव्याची त्वचा सहसा याहून गरम असते, त्यामुळे ही फरशी पायाला गरम लागणार नाही. गार लागणार नाही, इतकंच. घर जितकं चांगलं, तितकी फरशी कोमट. बसवून झाल्यावर 'अहो, हे चालू आहे की बंद?' असा फोन करणाऱ्यांना नेमकी हीच गोष्ट कोणी आधी सांगितलेली नसते.

हे ऐकूनही फ्लोअर हीटिंग हवंसं वाटावं अशी चांगली कारणं आहेत. फक्त ती त्या टाइलवर उभं राहून कळत नाहीत.

आधी, हे चालतं कसं

कल्पना जुनी आहे. रोमन लोक फरशी विटांच्या छोट्या खांबांवर उचलून धरत आणि खालच्या पोकळीतून भट्टीची गरम हवा फिरवत. कोरियातल्या 'ओंदोल' पद्धतीत चुलीचा गरम धूर दगडी फरशीखालच्या मार्गांतून नेऊन पलीकडच्या धुराड्यातून बाहेर सोडत. स्वयंपाकही व्हायचा आणि झोपायची खोलीही तापायची. आज धुराच्या जागी कोमट पाण्याचे पाइप आले किंवा विजेची केबल आली, एवढाच फरक.

तापलेली फरशी निम्मी किंवा त्याहून थोडी जास्त उष्णता किरणांच्या रूपाने भिंती, छत, सामान आणि माणसांना थेट देते. उरलेली हवेमार्फत जाते. शरीराला ऊब किती वाटते हे नुसत्या हवेच्या तापमानावर ठरत नाही, भोवतालचे पृष्ठभाग किती गार आहेत त्यावरही ठरतं. म्हणून अशा खोलीत हवा किंचित कमी गरम असली तरी चालून जातं.

आता मुद्द्याचं. फरशी उष्णता तयार करत नाही, ती फक्त वाटते. तयार करणारं यंत्र वेगळं असतं: हीट पंप (विजेच्या मदतीने बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता घरात आणणारं यंत्र), बॉयलर, काहीही. तेव्हा 'फ्लोअर हीटिंगने बिल कमी होतं' हे वाक्य अर्धवट आहे. वाटपासाठी अख्ख्या खोलीएवढा पृष्ठभाग मिळाल्यामुळे पाणी फार गरम करावं लागत नाही. भिंतीवरच्या जुन्या रेडिएटरना ५५ ते ७० अंशांचं पाणी लागतं, फरशीला ३० ते ४० पुरतं, आणि चांगल्या घरात ३०-३२ सुद्धा. हीट पंपाच्या बाबतीत ढोबळ हिशेब असा, की पाण्याचं तापमान एक अंशाने उतरलं की दोन-अडीच टक्के वीज वाचते. ५५ वरून ३५ वर आलात तर फरक किती पडतो ते तुम्हीच पाहा. धुरातल्या वाफेची उष्णताही वापरणाऱ्या कंडेन्सिंग बॉयलरलाही परतीचं पाणी गार आलेलं आवडतं. पण उष्णता जर थेट विजेच्या तारेने करणार असाल, तर तापमान उतरवून यातलं काहीच हाती लागत नाही. बचत जी काही आहे ती यंत्राची आणि घराच्या आवरणाची. फरशी फक्त ती बचत शक्य करून देते.

पहिली पायरी: घर किती उष्णता मागतं ते मोजा

ही पायरी सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात महत्त्वाची. कडाक्याच्या थंडीत प्रत्येक खोलीतून किती वॅट उष्णता बाहेर जाते याचा खोलीवार हिशेब अभियंत्याकडून करून घ्या. 'एवढ्या चौरस मीटरला एवढे वॅट' असा अंगठ्याचा नियम लावणाऱ्याकडून नको, कारण तो नियम बहुधा जुन्या, गळक्या घरांवरून आलेला असतो.

हिशेबातून येणारा आकडा दर चौरस मीटरमागे वाचा. इन्सुलेशन नसलेलं जुनं घर ८०-१०० वॅट सहज मागतं. आजचं नीट बांधलेलं घर २५ ते ४० मध्ये असतं. पॅसिव्ह हाउस या मानकात हीटिंगचा कमाल भार १० वॅट प्रति चौरस मीटर धरलेला आहे.

हा आकडा फरशीच्या भाषेत कसा वाचायचा? फरशी खोलीच्या हवेपेक्षा एक अंश गरम असेल तर दर चौरस मीटरला सुमारे ९ वॅट देते. तीन अंश जास्त असेल तर ३०, पाच अंशांना ५० च्या थोडं वर, आणि नऊ अंशांना १००. माणसांचा वावर असलेल्या भागात फरशी २९ अंशांच्या वर नेऊ नये, अशी मर्यादा युरोपीय मानक ईएन १२६४ मध्ये आहे. त्यापुढे पायांना ते सुखाचं राहत नाही. म्हणजे खोली २० अंशांवर ठेवायची तर फरशीकडून मिळू शकणारी कमाल उष्णता १०० वॅट. ज्या घराची मागणी याहून जास्त, तिथे नुसत्या फरशीने भागणार नाही.

आता हेच उलटीकडून पाहा. ३० वॅटच्या घरात फरशी २३ अंशांवर राहील. १० वॅटच्या घरात जेमतेम २१ वर! पायाला ही फरशी आणि न तापवलेली फरशी यांत फरक ओळखताही येणार नाही.

यावर माझं स्पष्ट मत आहे. हिशेब १० ते १५ वॅटच्या घरात आला, तर पूर्ण घराला पाइप टाकण्याचा खर्च करण्याआधी दोनदा विचार करा. इतक्या घराला दोन-तीन छोटे, कमी तापमानाचे रेडिएटर पुरतात, आणि वाचलेला पैसा खिडक्यांवर घातला तर थंडीत आणि उन्हाळ्यातही कामाला येतो. हिशेब ६०-७० च्या वर आला, तर आधी छत, भिंती आणि हवेची गळती हाताळा, फरशी नंतर. मधलं जे घर आहे, २० ते ५० चं, तिथे हीट पंप आणि फरशी यांची जोडी सगळ्यात छान जमते.

खोलीवार हिशेब का, तेही सांगतो. घराची सरासरी ३० असली तरी दोन बाजूंनी काच असलेली कोपऱ्यातली बैठकीची खोली ५५ मागू शकते आणि मधली खोली १५. सगळीकडे सारखे पाइप टाकले तर पाणी कोपऱ्यातल्या खोलीसाठी गरम करावं लागतं, आणि त्या एका खोलीपायी अख्ख्या घराचा हीट पंप महाग चालतो. त्या खोलीत पाइप जवळजवळ टाका. काच आणखी चांगली घेतली तर उत्तमच.

दुसरी पायरी: पाणी की वीज

पूर्ण घर तापवायचं तर पाणी. यात फारसा वाद नाही. १२० चौरस मीटरचं ३० वॅटचं घर ऐन थंडीत ३.६ किलोवॅट उष्णता मागेल. केबलने ती द्यायची तर ३.६ किलोवॅटच वीज लागते. कोमट पाण्यावर चालणारा हीट पंप चांगल्या परिस्थितीत तेच काम तिसऱ्या-चौथ्या हिश्शाच्या विजेत करतो.

विजेच्या मॅटची जागा वेगळी आहे. ती तीन-चार मिलिमीटर जाडीची असते, टाइलच्या चिकटवणाऱ्या थरात बसते, बॉयलर लागत नाही, पाइपांना पाणी वाटून देणारी पट्टी, म्हणजे मॅनिफोल्ड, लागत नाही. बाथरूमसाठी साधारण १५० वॅट प्रति चौरस मीटरची मॅट घेतात. मोकळी जागा तीन चौरस मीटर असेल तर भार ४५० वॅट. सकाळ-संध्याकाळ मिळून दोन तास चालवली तर दिवसाला एक युनिटसुद्धा होत नाही. इथे मात्र पायाला खरी ऊब मिळते, कारण तुम्ही ती मुद्दाम, थोड्या वेळापुरती, गरजेपेक्षा जास्त तापवता. शोरूममधली ती टाइल हवीच असेल तर ती बाथरूममध्ये मिळवा, स्वस्तात पडेल.

वीज घेतलीत तर तीन गोष्टी पाळा. केबल कधीही कापून लांबी जुळवू नका. बसवलेल्या कपाटाखाली किंवा टबाखाली ती टाकू नका. उष्णता कोंडते आणि केबल जळू शकते. आणि सर्किटला ३० मिलिअँपिअरचं गळती-संरक्षण हवंच. मॅट टाकण्याआधी, टाकल्यावर आणि टाइल बसल्यावर अशी तीनदा केबलची रोधमोजणी करून आकडे लिहून घ्या. कंपनीची वॉरंटी बहुधा त्या कागदावरच अवलंबून असते. फरशीचा सेन्सर नळीत घाला, म्हणजे बिघडला तर टाइल न फोडता ओढून काढता येतो.

तिसरी पायरी: पाइपांच्या खाली काय आहे

लोक पाइपचा ब्रँड आठवडाभर निवडतात आणि खालचं इन्सुलेशन ठेकेदारावर सोडतात. माझ्या मते हे अगदी उलटं व्हायला हवं.

उष्णता वर जाते असं आपण म्हणतो, ते गरम हवेचं. घन पदार्थातून उष्णता जिकडे गार असेल तिकडे जाते, खालीसुद्धा. पाइपांतलं पाणी सरासरी ३२ अंशांचं आणि खालची जमीन १० अंशांची धरा. मधे ३० मिलिमीटर थर्माकोल असेल, तर जमिनीचा स्वतःचा रोध सोडून दिल्यास दर चौरस मीटरला २५ वॅट खाली जाऊ शकतात. म्हणजे खोलीला ३० आणि जमिनीला जवळपास तेवढेच! तोच थर १०० मिलिमीटरचा केला की गळती साडेसात वॅटवर येते. प्रत्यक्षात माती थोडा रोध करते म्हणून दोन्ही आकडे कमी भरतील, पण जाड थराचा फायदा तरीही मोठाच राहतो. शिवाय हे काम आयुष्यात एकदाच होतं. वरची टाइल बदलता येते, बॉयलर बदलता येतो. स्क्रीड, म्हणजे पाइपांवर ओतलेला मसाल्याचा थर, त्याखालचं इन्सुलेशन बदलायला फरशी फोडावी लागते.

थर्माकोल पॅकिंगचा नव्हे, फरशीखालचा दाब सोसणारा घ्या. तो दोन थरांत टाकून सांधे एकमेकांवर येणार नाहीत असं पाहा. भिंतीच्या कडेने आठ-दहा मिलिमीटर जाडीची मऊ पट्टी खालपासून तयार फरशीच्या पातळीपर्यंत उभी लावायला सांगा. ती पट्टी दोन कामं करते: तापून फुगणाऱ्या स्क्रीडला जागा देते आणि उष्णता भिंतीत शिरू देत नाही. गवंडी ती आधीच कापून टाकतो आणि टाइलचा मसाला भिंतीला भिडवतो, असं फार वेळा होतं.

वरच्या मजल्यावर खाली तापवलेलीच खोली असेल, तर थोडं कमी इन्सुलेशन चालतं. खाली गेलेली उष्णता घरातच राहते.

चौथी पायरी: जड फरशी की हलकी

पाण्याच्या पद्धतीत दोन घराणी. ओल्या पद्धतीत पाइपांवर सिमेंटचं किंवा अॅनहायड्राइटचं (जिप्समच्या जातीचं) स्क्रीड ओततात. कोरड्या पद्धतीत खाचा पाडलेल्या बोर्डांत अॅल्युमिनियमच्या पत्र्यांसह पाइप बसतात आणि वर थेट फ्लोअरिंग किंवा पातळ बोर्ड येतो.

नव्या बांधकामात ओली पद्धत स्वस्त आणि दणकट. जुन्या घरात मात्र आधी दोन प्रश्न: उंची किती मिळते, आणि मजला वजन पेलेल का? ६५ मिलिमीटर सिमेंट स्क्रीडचं वजन दर चौरस मीटरला सुमारे १३५ किलो होतं. लाकडी मजल्यावर हे ओतण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. कोरडी पद्धत हलकी आणि पातळ, म्हणून नूतनीकरणात तीच बहुधा बरी. सध्याच्या स्क्रीडमध्येच यंत्राने खाचा पाडून पाइप बसवण्याचीही सोय असते; पण खालचं इन्सुलेशन चांगलं असेल तरच त्या वाटेला जा.

वजनाचा दुसरा परिणाम वेळेवर होतो. ते १३५ किलो एका अंशाने तापवायला जवळपास ३५ वॅट-तास लागतात. ३० वॅटच्या घरात फरशीला दोन-तीन अंश चढायला काही तास जातात, आणि उतरायलाही तितकेच. ऑफिसातून येताना मोबाइलवरून हीटिंग चालू करून घरी येईपर्यंत ऊब मिळेल, हे जड फरशीत विसरा. ती रेल्वेच्या मालगाडीसारखी चालते.

मग ऊन आलं की काय? सूर्याकडे तोंड असलेल्या मोठ्या काचेतून स्वच्छ दिवशी दर चौरस मीटरला काहीशे वॅट आत येतात, आणि रात्री भरलेली फरशी तेव्हाही उष्णता देतच असते. जुन्या, गरम पाण्याच्या फ्लोअर हीटिंगची खोल्या भाजून काढल्याची बदनामी यातूनच आलेली आहे. पण कोमट फरशी इथे आपोआप शहाणी वागते, आणि मला या तंत्रातला हा भाग सगळ्यात आवडतो. फरशी २३ वर, खोली २० वर: फरक तीन अंश, उष्णता ३० वॅट. उन्हाने खोली २२ झाली की फरक एकच अंश उरतो आणि फरशी देते ती उष्णता ९ वॅटवर येते. कोणी काही बंद केलेलं नाही, थर्मोस्टॅटने अजून विचारही केलेला नाही. हीच फरशी २९ वर असती तर खोली दोन अंश चढूनही तिने देणं जेमतेम चौथाईनेच कमी केलं असतं. चांगल्या घराला कोमट फरशीचं हे बक्षीस फुकट मिळतं.

पाचवी पायरी: वर काय घालायचं

टाइल आणि दगड उत्तम. उष्णता सहज वर येते, गरम-गार होण्याने काही बिघडत नाही.

'लाकूड चालत नाही' हे मात्र जुनं मत आहे. जाड, सलग लाकडाच्या फळ्या वाळून फाकतात, बाक धरतात, म्हणून अनेक थरांचं इंजिनिअर्ड लाकूड घ्या, ते स्क्रीडला पूर्ण चिकटवा, आणि पृष्ठभाग २७ अंशांच्या वर जाऊ देऊ नका. कमी ऊर्जेच्या घरात तो तसाही जात नाही. लाकडाचा उष्णतेला होणारा रोध साधारण ०.१० आणि टाइलचा ०.०१ धरला (माप: चौरस मीटर-केल्विन प्रति वॅट), तर ३० वॅटच्या घरात लाकडासाठी पाणी २.७ अंश जास्त गरम लागतं. ८० वॅटच्या घरात हाच फरक ७ अंशांच्या वर जातो. म्हणजे घर चांगलं असेल तर लाकडाची हौस परवडते. घर गळकं असेल तर तीच हौस दर महिन्याच्या बिलात दिसते.

जाड गालिचा हा खरा शत्रू. फ्लोअरिंग आणि त्याखालचा फोम मिळून रोध ०.१५ च्या वर जाऊ नये. हा आकडा फ्लोअरिंगच्या माहितीपत्रकात असतो. नसेल तर दुकानदाराकडून लेखी मागा. सैल पसरलेल्या छोट्या सतरंजीने काही बिघडत नाही. पायांवर उभा असलेला सोफाही चालतो. जमिनीला टेकलेल्या पेटीच्या पलंगाखाली मात्र खोलीची बरीच फरशी वाया जाते, म्हणून छोट्या बेडरूमचा हिशेब करताना पलंग वजा करा.

सहावी पायरी: पाइपांचा नकाशा

इथे तुम्हाला डिझाइन करायचं नाही, पण समोर आलेला नकाशा वाचता यायला हवा.

पाइप पेक्स किंवा पीई-आरटी प्लॅस्टिकचा, ऑक्सिजन आत शिरू न देणाऱ्या थरासह. तो थर नसेल तर पाण्यात ऑक्सिजन मिसळत राहतो आणि पंप, बॉयलरचे लोखंडी भाग गंजतात. घरांत १६ मिलिमीटर व्यास सर्रास वापरतात. दोन पाइपांतलं अंतर १५० मिलिमीटर असेल तर दर चौरस मीटरला पावणेसात मीटर पाइप लागतो. १२ चौरस मीटरच्या खोलीला ८० मीटर, आणि मॅनिफोल्डपर्यंत जाण्या-येण्याचे आणखी दहा-वीस. या व्यासाच्या पाइपचा एक फेरा १०० मीटरच्या आसपास थांबवायचा असतो. त्यापुढे पंपाला पाणी ढकलताना धाप लागते. मोठ्या खोलीला म्हणून दोन फेरे.

एक फेरा म्हणजे एक सलग तुकडा. फरशीखाली जोड नको. ठेकेदार म्हणाला, 'थोडा कमी पडला, जोडून घेतो', तर नवं बंडल आणायला लावा.

मॅनिफोल्ड, म्हणजे जिथून सगळे फेरे निघतात आणि परत येतात ती पितळी किंवा स्टीलची पट्टी, घराच्या मध्यावर आणि हात पोचेल अशा जागी हवी. प्रत्येक फेऱ्यावर प्रवाह दाखवणारी काचेची नळी असावी. आपल्या १२ चौरस मीटरच्या खोलीला ३६० वॅट लागतात. जाताना आणि येताना पाण्यात पाच अंशांचा फरक धरला तर मिनिटाला साधारण एक लिटर पाणी पुरतं. हे आकडे नकाशावर प्रत्येक फेऱ्यापुढे छापलेले असायला हवेत. नसतील तर तो नकाशा नव्हे, चित्र आहे.

बाथरूमकडे वेगळं लक्ष द्या. खोली छोटी, त्यातून टब आणि कमोडची जागा गेली, आणि अपेक्षा २४ अंशांची. उरलेली फरशी बहुधा पुरत नाही. टॉवेल वाळवणारा छोटा रेडिएटर जोडीला घ्या.

सातवी पायरी: थर्मोस्टॅट कमी ठेवा

प्रत्येक खोलीला स्मार्ट थर्मोस्टॅट विकायला सगळे उत्सुक असतात. हीट पंप असेल तर ते उलटं पडू शकतं. एकेक खोली आपापली झडप बंद करत गेली की पंपाला उष्णता द्यायला जागाच उरत नाही, तो चालू-बंद होत राहतो, वीजही खातो आणि झिजतोही. बाहेरच्या हवेनुसार पाण्याचं तापमान आपोआप ठरवणारी सोय, म्हणजे हीटिंग कर्व्ह, नीट लावली आणि फेऱ्यांचे प्रवाह जुळवले, तर बहुतेक खोल्यांना थर्मोस्टॅटची गरज पडत नाही. ऊन येणाऱ्या खोलीला एक आणि बेडरूमना हवं तर एकेक, एवढं पुरे. रात्री तापमान फार उतरवू नका. चांगल्या घरात ते उतरतच नाही, आणि जड फरशीला सकाळी पुन्हा चढवताना पाणी जास्त गरम करावं लागतं.

हीच फरशी उन्हाळ्यात गार पाणी फिरवून वापरता येते का? येते, पण मर्यादेत. फरशी हवेच्या दवबिंदूच्या खाली गेली की तिच्यावर पाणी सुटतं आणि पाय घसरतो. दमट हवेत आर्द्रतेचा सेन्सर आणि तसं नियंत्रण नसेल तर त्या भानगडीत पडू नका.

आठवी पायरी: कोटेशन हातात आल्यावर

किंमत शेवटी पाहा. आधी हे शोधा: खोलीवार उष्णतेचा हिशेब जोडलेला आहे का? ऐन थंडीत पाण्याचं तापमान किती धरलंय? ४५ लिहिलं असेल तर का, ते विचारा. चांगल्या घराला ३५ किंवा त्याहून कमी मागा. खालच्या इन्सुलेशनची जाडी कोणाच्या यादीत आहे, हीटिंगवाल्याच्या की गवंड्याच्या? दोघांच्याही यादीत नसणं ही नेहमीची गफलत. फेरे जुळवून देण्याचं काम किमतीत धरलंय का? आणि '३० टक्के बचत' असं लिहिलं असेल, तर कशाच्या तुलनेत, हा एकच प्रश्न विचारा आणि उत्तर ऐकत बसा.

नववी पायरी: ओतकामाचा दिवस

पाइप टाकून झाले की टेप घेऊन प्रत्येक खोलीचे फोटो काढा, दोन भिंतींपासूनचं अंतर दिसेल असे. वर्षभराने दाराचा स्टॉपर बसवायला आलेला सुतार ड्रिल कुठे लावतो, यावर तुमच्या त्या फोटोंची किंमत ठरते. स्टॉपरची जागा आधीच ठरवून तिथे पाइप न टाकणं त्याहूनही बरं.

मग दाबचाचणी. पाण्याने भरून, हवा काढून, चार ते सहा बार दाब दिला जातो. स्क्रीड ओतताना पाइप दाबाखालीच राहू द्या. फावडं लागून पाइप फुटला तर काटा तिथल्या तिथे पडतो आणि ओला थर बाजूला करून दुरुस्ती होते. कडाक्याची थंडी असेल तर पाइपांत पाणी गोठणार नाही याची जबाबदारी कोणाची, हे आदल्या दिवशी ठरवा.

मोठ्या जागेत, साधारण ४० चौरस मीटरच्या वर किंवा एक बाजू आठ मीटरहून लांब असेल तर, स्क्रीडमध्ये फुगण्यासाठी सांधे ठेवावे लागतात. दाराच्या उंबऱ्यातही. सांधा ओलांडणाऱ्या पाइपावर संरक्षक नळी चढवलेली आहे का, ते वाकून पाहा.

दहावी पायरी: पहिली थंडी

सिमेंट स्क्रीड ओतल्यावर निदान २१ दिवस आणि अॅनहायड्राइट निदान ७ दिवस हीटिंग चालू करू नका. मग तीन दिवस २० ते २५ अंशांचं पाणी, आणि नंतर चार दिवस डिझाइनमधलं कमाल तापमान. टाइलवाला घाई करेल, बिल्डर त्याहून करेल. लाकूड घालणार असाल तर ओलावा मोजल्याचा कागद हातात आल्याशिवाय एकही फळी उघडू देऊ नका.

राहायला गेल्यावर पहिल्या थंडीत एक छोटा उद्योग करा. सगळे थर्मोस्टॅट पूर्ण उघडा आणि हीटिंग कर्व्ह एक टप्पा खाली आणा. दोन दिवस थांबा, कारण फरशी त्याआधी उत्तर देत नाही. घरात कोणी तक्रार केली नाही तर आणखी एक टप्पा खाली. एकच खोली गार पडू लागली तर पाणी तापवू नका. तिच्या फेऱ्याचा प्रवाह थोडा वाढवा किंवा शेजारच्या गरम खोलीचा कमी करा. सगळं घर एकदम कुरकुरू लागलं की एक टप्पा वर जा आणि थांबा. तो आकडा, तारखेसह आणि त्या दिवशीच्या बाहेरच्या तापमानासह, मॅनिफोल्डच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा, नकाशा आणि त्या फोटोंच्या शेजारी.